वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे जेवण : मराठी स्वयंपाकघरात रोजची साठ ग्रॅम प्रथिने कशी साधावीत

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसाला जो तो एकच गोष्ट सांगतो : थोडे थोडे खा. सल्ला चुकीचा नाही, पण त्यातून अर्धेच काम होते, कारण खायचे जर इतके थोडे असेल तर त्या थोड्यात नेमके काय असावे हे कोणी सांगत नाही. आपले ताट पोळी आणि भाताभोवती मांडलेले असते. आमटी भात कालवण्यापुरती, भाजी पोळीला लावण्यापुरती आणि दही-ताक शेवटी. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम तसाच ठेवला तर पोट भरते, वजनही उतरते, पण शरीराची उपासमार होत राहते आणि काही महिने ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचे कारण शस्त्रक्रियेतच आहे. स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीत सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलीटर मावते. बायपास या दुसऱ्या पद्धतीत जठराचा तयार केलेला कप्पा त्याहूनही लहान, साधारण ३० मिलिलीटरचा असतो आणि अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते, त्यामुळे लोह, कॅल्शियम व बी-१२ यांचे शोषणही घटते. एवढ्याशा जागेत आधी चार घास भात गेला, तर डाळीला किंवा अंड्याला जागा उरत नाही. वजन वेगाने उतरत असताना प्रथिने कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजवू लागते. वजनकाट्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून काटा उतरला याचा आनंद मानण्याआधी रोज किती प्रथिने पोटात गेली, हे विचारायला हवे.

सर्वसाधारण प्रमाण असे की दिवसाला किमान ६० ग्रॅम, बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅम, आणि काहींना आदर्श वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. आपला नेमका आकडा शल्यचिकित्सकाकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून घ्यावा आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, फ्रीजच्या दारावर लिहून ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी हा आकडा वेगळा असतो, त्यांनी स्वतःच्या मनाने प्रथिने वाढवू नयेत. खाली दिलेल्या टप्प्यांचे दिवसही रुग्णालयागणिक थोडे मागेपुढे होतात. आपल्या हाती दिलेल्या कागदात वेगळे लिहिले असेल तर तो कागद प्रमाण मानावा.

पहिला टप्पा : पहिले दोन आठवडे, फक्त पातळ पदार्थ

पहिले एक-दोन दिवस निवळ द्रवांचे असतात : पाणी, गाळलेले सूप, अगदी पातळ गाळलेले ताक. या दिवसांत प्रथिनांची काळजी करू नये, शरीरातले पाणी टिकवणे एवढेच काम असते. ३० मिलिलीटरचे छोटे माप घेऊन घोट घोट प्यावे आणि ते संपवायला दहा-पंधरा मिनिटे लावावीत.

त्यानंतर दूध, ताक, मिक्सरमधून काढून गाळलेली डाळ आणि प्रोटीन पावडर सुरू होते. इथे एक गैरसमज घरोघरी आढळतो. शिजलेल्या डाळीवरचे निवळ पाणी पौष्टिक म्हणून आजारी माणसाला देण्याची आपली जुनी पद्धत आहे, पण त्या पाण्यात प्रथिने नाममात्र असतात. ती खाली बसलेल्या गरात असतात. म्हणून पाणी ओतून घेऊ नये, सगळी डाळ घोटून मग गाळावी. नाचणी सत्त्वाचेही तसेच आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, ती पचायलाही चांगली, पण १०० ग्रॅम नाचणीत प्रथिने अवघी ७ ग्रॅमच्या आसपास असतात आणि पेजेच्या एका वाटीत पीठ जाते ते दोन चमचे. पेज द्यायचीच असेल तर ती दुधात शिजवावी आणि कोमट झाल्यावर त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी.

या दोन आठवड्यांत प्रोटीन पावडरीशिवाय साठ ग्रॅमचा पल्ला गाठणे जवळपास अशक्य असते, म्हणून तिच्याविषयी संकोच बाळगू नये. ती व्यायामशाळेतल्या मुलांची चैन नव्हे, या काळात ती आहाराचा भाग आहे. डबा घेताना त्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक आहे का, एका मापात प्रथिने किती आणि साखर किती, एवढे वाचावे. ३० ग्रॅमच्या मापात २० ते २५ ग्रॅम प्रथिने आणि अगदी थोडी साखर असलेली व्हे पावडर (दुधाच्या निवळीपासून केलेली) बहुतेकांना चालते. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, काहींना दूध सोसत नाही. पोटात गुडगुड, वायू किंवा जुलाब सुरू झाले तर व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेली व्हे पावडर, किंवा सोयाची पावडर घ्यावी. पावडर उकळत्या दुधात किंवा सूपमध्ये घातली की तिच्या गुठळ्या होतात आणि रुग्णाला पहिल्याच दिवशी तिचा तिटकारा बसतो. आधी थोड्या थंड पाण्यात ती गंधासारखी कालवून घ्यावी आणि मग कोमट पदार्थात ढवळावी. गोड चवीचा कंटाळा आला तर बिनचवीची पावडर ताकात मिसळून, जिरेपूड व किंचित मीठ घालून घेता येते, आणि माझ्या मते आपल्या जिभेला हाच प्रकार सर्वांत जास्त दिवस रुचतो.

दुसरा टप्पा : तिसरा-चौथा आठवडा, मऊ घोटलेले अन्न

आता अन्न दाट होते, पण त्यात गुठळी, साल किंवा धागा नको. एका वेळी चार ते सहा मोठे चमचे पुरतात आणि दिवसातून पाच-सहा वेळा खावे लागते. सालीची नसलेली मूगडाळ, तिच्यात कुस्करून घोटलेले पनीर, अगदी मऊ ठेवलेली अंडाभुर्जी, चक्का दुधात सैल करून, मांसाहार करणाऱ्यांसाठी शिजवून मिक्सरमधून काढलेले चिकन, हे पदार्थ चालतात. फोडणी पूर्ण सोडण्याची गरज नाही. पण मोहरी, कढीपत्ता आणि मिरचीचे तुकडे या दिवसांत अडकतात आणि टोचतात, म्हणून थोड्या तुपात हिंग, हळद आणि जिरेपूड एवढेच वापरावे.

चक्का घरी करणे सोपे आहे आणि तो या संपूर्ण प्रवासात उपयोगी पडतो. अर्धा किलो दही स्वच्छ पंचात बांधून, फ्रीजमध्ये चाळणीवर रात्रभर ठेवले तर सकाळी साधारण २०० ग्रॅम चक्का मिळतो. मूळ दह्यातली बहुतेक प्रथिने त्यात उतरलेली असतात आणि पाणी निघून गेलेले असते, म्हणजे तेवढ्याच जागेत दुपटीहून अधिक प्रथिने मावतात. यात साखर घालून त्याचे श्रीखंड करू नये. मीठ, जिरे, कोवळी कोथिंबीर वाटून घातली की छान लागतो.

तिसरा टप्पा : पाचवा ते आठवा आठवडा, मऊ पण घोटलेले नाही

आता घोटण्याची गरज राहत नाही, पण घास काट्याने दाबला की मोडला पाहिजे. मऊ शिजवलेली मुगाची उसळ, गुठळी न झालेले पिठले, पनीर भुर्जी, उकडलेले अंडे, खिमा आणि मासे यांची पाळी येते. माशांच्या बाबतीत किनारपट्टीवरच्या घरांना मोठाच फायदा आहे : सुरमई, रावस, पापलेट यांचे मांस मऊ असते, ते चिकनपेक्षा सहज उतरते आणि शिजवलेल्या ८० ग्रॅमच्या तुकडीत १६ ते १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. काटे मात्र दुसऱ्याने काढून दिले तरी स्वतः पुन्हा बोटांनी चाचपून घ्यावे. ओल्या बोंबलात पाण्याचा अंश फार असल्याने त्यात प्रथिने इतर माशांपेक्षा बरीच कमी असतात. सुकटीत प्रथिने भरपूर, पण मीठही तितकेच. रक्तदाब असलेल्यांनी ती नेमाने खाऊ नये.

दोन महिन्यांनंतर बहुतेकांना नेहमीचे जेवण थोड्या प्रमाणात सुरू करता येते. पोळी आणि ताजा पांढरा भात हे दोन्ही पदार्थ कित्येकांना बराच काळ त्रास देतात, कारण पोळीचा चावलेला घास कणकेसारखा गोळा होतो आणि भात पोटात फुगल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा आमटीत चांगली भिजवलेली भाकरी किंवा मऊ धिरडे आधी करून पाहावे.

वाटी मोजायची, नुसती भरायची नाही

ज्या घरात मी हे सांगेन त्या घरात मी एकाच खरेदीचा आग्रह धरेन : ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा. "मी रोज वाटीभर वरण खातो" या वाक्यातून प्रथिनांचा काहीच हिशोब लागत नाही. ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ किंवा मूगडाळ घ्या. तिच्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने आहेत. ती शिजवून, पाणी घालून दोन वाट्या पातळ वरण केले आणि त्यातले अर्धी वाटी खाल्ले, तर पोटात दोन ग्रॅमसुद्धा गेली नाहीत. तीच डाळ घट्ट ठेवली तर सगळी अर्ध्या वाटीत बसते आणि सातच्या सात ग्रॅम मिळतात. घरच्यांसाठी नेहमीचे वरण करताना कुकरमधली घट्ट डाळ आधी वेगळी काढून ठेवावी आणि मग उरलेल्या डाळीत पाणी घालावे, एवढ्याने काम होते. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

बाकीचे आकडेही तोंडपाठ असलेले बरे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात. १०० मिलिलीटर गाईच्या दुधात ३ ग्रॅमहून थोडी जास्त, १०० ग्रॅम दह्यात तेवढीच, घरच्या चक्क्यात ७ ग्रॅमच्या आसपास आणि पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीच्या १५ ग्रॅममधून, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांतून, ५ ग्रॅम मिळतात. बेसनात १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या किंवा त्यांचा चुरा शाकाहाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचा, कारण कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. चुरा गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळला की त्याचा वास जातो आणि कांदा-टोमॅटोवर परतून त्याचा मऊ खिमा होतो. शिजवलेल्या चिकनमध्ये १०० ग्रॅममागे २७ ग्रॅमच्या पुढे प्रथिने असतात, पण ते कोरडे झाले तर घशाखाली उतरत नाही, म्हणून रश्श्यातले किंवा खिम्याचे चिकन बरे.

शेंगदाण्यांविषयी सावध राहावे. आपण दाण्याचे कूट प्रथिने म्हणून सर्रास घालतो, आणि १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिने असतात हे खरेच आहे, पण त्याच दाण्यांचे जवळपास अर्धे वजन तेलाचे असते. एखादा चमचा कूट चवीसाठी चालेल, प्रथिनांचा मुख्य आधार म्हणून नाही. कडधान्यांना मोड आणल्याने ती पचायला हलकी होतात, पण प्रथिने वाढत नाहीत. उलट पाणी शोषल्यामुळे वाटीमागे ती कमीच भरतात.

जेवायला कसे बसावे

ताटात आधी प्रथिनांचा पदार्थ संपवावा, मग भाजीचे दोन-चार घास आणि शेवटी जागा उरली तर भाकरी किंवा भाताचे एक-दोन घास. जागा उरली नाही तर ते राहू द्यावेत. लहान चमचा वापरावा, घास वीस-पंचवीस वेळा चावावा आणि जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवावे. त्याहून घाई नको आणि तासभर रेंगाळणेही नको. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी पोटात जाणवत नाही. छातीच्या मध्ये दाब येतो, उचकी लागते किंवा एकाएकी नाक वाहू लागते. यातले काहीही झाले की हातातला घास खाली ठेवावा. "एवढा शेवटचा घास टाकू नकोस" असे घरच्यांनी प्रेमाने म्हणणे इथे थेट उलटीला निमंत्रण ठरते.

पानाशेजारचा तांब्या-भांडे उचलून ठेवावा. जेवताना पाणी प्यायले की इवल्याशा जागेत अन्न मावत नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट पाणी सुरू करावे आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जाईल असे पाहावे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे. सोडा आणि फसफसणारी पेये टाळावीत. दारू आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते; ती टाळणेच योग्य.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या शाकाहारी माणसाचा एक दिवस मांडून दाखवतो. सकाळी सातला १५० मिलिलीटर दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर, १० ग्रॅम. साडेनऊला ३० ग्रॅम मूगडाळीचे मऊ धिरडे आणि आत ३० ग्रॅम कुस्करलेले पनीर, १२ ग्रॅम. साडेबाराला २५ ग्रॅम डाळीची घट्ट आमटी आणि ५० ग्रॅम पनीरची भुर्जी, १५ ग्रॅम. चारला अर्धे माप प्रोटीन पावडर ताकातून, १२ ग्रॅम. रात्री साडेसातला २० ग्रॅम सोयाच्या चुऱ्याचा खिमा आणि ५० ग्रॅम चक्का, १३ ग्रॅम. बेरीज ६२ होते. एका वेळी इतके जात नसेल तर साडेबाराची भुर्जी दोनला खावी. वेळ पुढे ढकलला तरी चालतो, आकडा खाली येऊ देऊ नये. मांसाहारी घरात सकाळी दोन उकडलेली अंडी आणि दुपारी माशाची तुकडी आली की प्रोटीन पावडरीची गरज बरीच कमी होते.

चहाबरोबरची खारी आणि सणांचे दिवस

पहिले सहा महिने बहुतेक जण शिस्तीने वागतात. घसरण पुढे होते, आणि ती जेवणात नाही तर मधल्या वेळेत होते. खारी, बिस्किटे, चिवडा, फरसाण हे पदार्थ तोंडात विरघळतात, लहान जठरातून सहज सरकतात आणि पोट भरल्याची खूण न देता दिवसभर पोटात जात राहतात. वजन परत चढण्याचे हे मोठे कारण आहे. चारच्या चहाआधी प्रथिनांचा खाऊ घेतला तर ही ओढ बरीच कमी होते.

उपवासाविषयी मी स्पष्टच लिहितो : पहिले वर्षभर तरी ते करू नयेत, आणि निर्जळी उपवास तर मुळीच नको. आषाढी असो की संकष्टी, आजारी माणसाला उपवासातून सूट आहे हे आपल्याकडे सर्वांना मान्य आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. वाटीभर खिचडीतून प्रथिने मिळतात ती फक्त कुटातून. पुढे कधी उपवास धरायचाच झाला तर दूध, पनीर, चक्का आणि थोडा राजगिरा यांवर दिवस काढावा.

पुरणपोळी, मोदक, श्रीखंड यांत केवळ उष्मांकांचा प्रश्न नाही. बायपास झालेल्यांमध्ये, आणि काही वेळा स्लीव्हनंतरही, साखर किंवा गूळ आतड्यात एकदम उतरला की अर्ध्या तासाच्या आत पोटात कळा, धडधड, घाम आणि जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून चक्कर येते. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. पंगतीला बसण्याआधी यजमानांना शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी, म्हणजे आग्रह होत नाही आणि कोणाचे मनही दुखावत नाही.

गोळ्या, धोक्याच्या खुणा आणि तपासण्या

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. सर्व जीवनसत्त्वे व खनिजे एकत्र असलेली गोळी, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह आणि दिवसाला विभागून १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, शक्यतो सायट्रेट स्वरूपातले, असा साधारण क्रम असतो. मात्रा डॉक्टर ठरवतात. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये, चहामुळे लोहाचे शोषण घटते. शाकाहाऱ्यांत बी-१२ ची कमतरता शस्त्रक्रियेआधीपासूनच असू शकते, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष नको. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, विशेषतः बायपासनंतर, जठरात व्रण करतात. त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात आणि बहुतेक जण घाबरतात. झपाट्याने वजन उतरल्याचा तो परिणाम असतो आणि प्रथिने, लोह व जस्त पुरेसे मिळत असतील तर केस पुन्हा येतात. पावलांवर सूज येणे, जिना चढताना मांड्यांत बळ न राहणे, जखम लवकर न भरणे ही मात्र प्रथिने फार कमी पडत असल्याची लक्षणे असू शकतात. आणि दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. अशा वेळी शरीरातले थायमिन म्हणजे बी-१ झपाट्याने संपते. डोळ्यांना दोन-दोन दिसणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे दिसली तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रिया झाल्याचे आणि उलट्या होत असल्याचे दारातच सांगावे, कारण थायमिन देण्याआधी ग्लुकोजची सलाइन लावली तर मेंदूला इजा वाढू शकते.

स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. ज्यांची पाळी सुरू आहे त्यांना लोह जास्त लागते, हेही डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

रक्ततपासणी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) या तपासण्या तीत असाव्यात. आहारतज्ज्ञाकडे जाताना आधीच्या तीन दिवसांत काय खाल्ले याची ग्रॅमसह नोंद न्यावी, आणि त्या तीन दिवसांत एक सुटीचा दिवस असू द्यावा, कारण रविवारचे जेवण आणि मंगळवारचे जेवण यांत प्रथिनांचा फरक बहुतेक घरांत मोठा असतो.